पहिली आणि दुसरी एकाच खोलीत

प्रश्न : देवगड तालुक्यातील एका वाडीवरच्या शाळेत मी यंदा जूनमध्ये रुजू झाले. शाळा द्विशिक्षकी असून पहिली व दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे आहेत. दुसरीला शिकवू लागले की पहिलीची मुले उठतात, भांडतात, कोणी घरी जायचे म्हणून रडते. म्हणून मी त्यांना पाटीवर अक्षरे गिरवायला बसवते. मी घाटावरची असल्याने त्यांचे मालवणी मला पुष्कळदा कळत नाही. दोन्ही वर्गांना न्याय कसा द्यावा?
– एक शिक्षिका

उत्तर : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे लहान वाड्यांच्या कोकणात एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येणारच. ही तात्पुरती अडचण न मानता दिवसाची आखणी तिला धरूनच करावी.

गिरवणे हे मुलांना गुंतवून ठेवण्याचे साधन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा वर्षांच्या मुलाची बोटे लवकर दमतात, आणि ज्या अक्षराचा आपल्या बोलण्याशी काय संबंध हे त्याला उमगलेले नाही, ते पाटीभर काढताना त्याचे मन केव्हाच उठलेले असते. भांडणे बहुधा तिथूनच सुरू होतात.

त्याऐवजी सकाळचा पहिला तास दोन्ही वर्गांचा एकत्र घ्यावा आणि तो बोलण्याचा असावा. काल घरी काय झाले, हे पहिलीच्या मुलांना सांगू द्यावे. एखादी मुलगी ‘आज्येन घावणे केल्यान’ म्हणाली, तर ते वाक्य तसेच्या तसे फळ्यावर लिहावे व त्याखाली ‘आजीने घावणे केले’ असे लिहावे. पहिलीच्या मुलांनी दोन्ही ओळींत ‘घ’ शोधावा, दुसरीच्या मुलांनी वाक्य वाचून पुढची दोन वाक्ये स्वतः लिहावीत. आणि ती लिहीत असताना आपल्याला पहिलीजवळ बसायला निवांत वेळ मिळतो. न कळलेला शब्द मुलांनाच विचारावा. बाईंना आपण काही सांगू शकतो, हे कळले की गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मुलाची मातृभाषा असावे, असे हा कायदाही म्हणतो. तेव्हा वर्गात मालवणी आल्याने प्रमाण मराठी मागे पडेल, ही भीती बाळगू नये.

गणिताला किनाऱ्यावरचे शिंपले उत्तम. पहिलीने दहा-दहा मोजून करवंटीत भरावेत, दुसरीने त्याच करवंट्या व सुटे शिंपले घेऊन दशक-एकक मांडावेत. साहित्य एकच राहते. फुटलेले, धारदार शिंपले आधी निवडून काढावेत. चिंचोके मात्र पहिलीच्या हाती देऊ नयेत, कारण लहान मुले ते नाकात घालतात. कच्च्या काजूबियाही नकोत, त्यांचा चीक त्वचा भाजतो.

दुसरीच्या मुलांवर धाकट्यांना शिकवण्याची जबाबदारी रोज टाकू नये. त्यांचेही वय सात-आठच आहे आणि त्यांचे वाचन अजून पक्के व्हायचे आहे. रडणाऱ्या मुलाला पहिले काही दिवस भावंडाशेजारी बसू द्यावे. शिक्षेचा प्रश्नच येत नाही, कायद्याने ती निषिद्धच आहे. पावसाचा जोर असेल तेव्हा बडबडगीते, टाळ्यांचे व हातवाऱ्यांचे खेळ पडवीत घ्यावेत, कारण अर्धा दिवस एका जागी बसणे या वयाला झेपत नाही.

वह्या भरलेल्या दिसल्या नाहीत की पालक विचारतील. त्यांना सकाळच्या तासाला बोलावून मुलांचे सांगणे आणि वाचणे प्रत्यक्ष ऐकवावे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानेही समजून वाचणे आणि पायाभूत गणित यांसाठी तिसरीपर्यंतचा अवधी धरला आहे, हेही त्यांना सांगावे. दिवाळीपर्यंत सगळी मुळाक्षरे झालीच पाहिजेत, असा आग्रह आपणही धरू नये.