उचल कुणाच्या पैशांची?

“मॅडम, जगात एवढा अन्याय चाललाय. रविवारी चर्चमध्ये मिस्सात ऐकतो, मान हलवतो, घरी येतो. मी एकटा काय करणार?” ही खंत घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे कितीतरी जण मी पाहिलेत. कोल्हापुरात कॅथलिक घरं मूठभर. पण ही टोचणी फक्त त्यांचीच आहे असंही नाही.

उद्यमनगरात छोटं मशीन शॉप चालवणारे एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) झोप लागत नाही म्हणून आले. नाताळात अनाथाश्रमाला देणगी, उपवासकाळात गरिबांना धान्य, सगळं करून मन खातंच. माझा ओढा विवेकनिष्ठ विचारसरणीकडे, म्हणजे मनातला टोकाचा विचार तपासून बघण्याकडे. ‘मी काहीच करत नाही’ असं कुणी म्हणालं की मी ‘काहीच’ला धरते आणि रोजच्या दिवसात उतरते.

“कामगारांचा पगार कधी होतो?”

“पार्टीचं पेमेंट आलं की. दहा तारीख, कधी वीस.”

“तोवर त्यांचं कसं भागतं?”

“उचल देतो की. कुणाला नाही म्हणत नाही मी.” आवाजात जरा अभिमान होता.

पुढच्या वेळी मी त्यांना उचलीची डायरी आणायला लावली. पानाच्या कोपऱ्याला तेलकट बोटांचे ठसे. ‘५०० – पोरीची फी.’ ‘१००० – आईचं औषध.’ बहुतेक नोंदी आठ ते अठरा तारखेच्या. मी एवढंच विचारलं, “या तारखेला हे पैसे कुणाचे होते?”

ते डायरीकडे बघत राहिले. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला वर्षांच्या सरावानं जमलंय, आणि नवीन समुपदेशकांना मी हेच आधी शिकवते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “म्हणजे त्याचेच पैसे मी त्याला उपकार म्हणून देतोय.”

मी ख्रिस्ती नाही, पण या निमित्तानं वाचन केलं होतं. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाची बाजू मांडली. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं बजावलं, की न्यायानं जे देणं लागतं ते दान म्हणून देऊ नये. बायबलमध्ये तर मजुराची मजुरी रात्रभरही अडवून ठेवू नये असं आहे. गृहस्थांना हे सगळं पाठ होतं. स्वतःच्या गल्ल्याशी त्याची गाठ घातली नव्हती इतकंच.

म्हणून असं कुणी आलं की मी सांगते, देणगीची पावती बाजूला ठेवा आणि आधी देणी तपासा. मोलकरणीचा खाडा कापता का? तिला आठवड्याची सुट्टी आहे का? सुताराला ‘उद्या या’ किती वेळा म्हणालात? मोर्चाला जरूर जा, पण ही कामं उरकून. आणि काय हवंय ते समोरच्यालाच विचारा. आपण ठरवून दिलं की पुन्हा उपकारच होतो.

गृहस्थांनी विचारलं. कामगार म्हणाले, तारीख पक्की करा आणि ओव्हरटाइम वहीत लिहा. आता पगार सात तारखेला होतो. कायद्याची मुदतही तीच. पेमेंट लांबलं तर ते बँकेच्या कॅश क्रेडिटमधून काढतात, व्याज स्वतः सोसतात. झोप सुधारलीय. त्या व्याजावरून घरात मात्र कुरबुर चालू आहे. पुढच्या वेळी वहिनींनाही घेऊन या म्हटलंय.