अमेरिकेत शटडाउन का होतो? राष्ट्राध्यक्षांना खर्च मंजूर करून घेता येत नाही का?

प्रश्न: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जगातले सर्वांत ताकदवान नेते समजले जातात. मग त्यांच्याच सरकारचा खर्च अडकून कार्यालयं बंद कशी पडतात? आपल्याकडे असं कधी का होत नाही? मुलीला पुढच्या वर्षी तिकडे शिकायला पाठवायचं आहे, शटडाउन झाला तर व्हिसाचं काय?

उत्तर:

मी पदवीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवते. तौलनिक शासनसंस्थांचा पेपर सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, "मॅडम, आपला पंतप्रधान मोठा की त्यांचा राष्ट्राध्यक्ष?" तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

सैन्य, परराष्ट्र धोरण, जगातला दबदबा यांत राष्ट्राध्यक्ष मोठे, यात वाद नाही. पण आपल्याच देशात पैसा खर्च करायचा, कायदा करायचा म्हटलं की लोकसभेत भक्कम बहुमत असलेला आपला पंतप्रधान त्यांच्यापेक्षा कितीतरी मोकळा असतो. पंतप्रधान हा बहुमतवाल्या पक्षाचा किंवा आघाडीचाच नेता. अर्थसंकल्प तोच मांडणार आणि त्याचेच खासदार तो मंजूर करणार. लोकसभेने अर्थसंकल्प नाकारला तर त्याचा अर्थ बहुमत गेलं एवढाच होतो, आणि मग सरकारला राजीनामा द्यावा लागतो. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, ते अर्थसंकल्पावर नाही तर विश्वासदर्शक ठरावावर, पण तत्त्व तेच. सभागृह आणि सरकार यांचं बिनसलं की सरकार जातं. दोघं एकमेकांकडे पाठ फिरवून वर्षभर बसलेत, असं आपल्याकडे होऊच शकत नाही.

अमेरिकेत ते होऊ शकतं, कारण 1787 साली फिलाडेल्फियात घटना लिहिणाऱ्यांनी ते मुद्दाम शक्य करून ठेवलं. राष्ट्राध्यक्ष त्यांच्या संसदेतून, म्हणजे काँग्रेसमधून, येत नाहीत. त्यांची निवडणूक वेगळी, चार वर्षांची मुदत वेगळी. काँग्रेसची दोन सभागृहं. प्रतिनिधिगृहात 435 सदस्य, सगळे दर दोन वर्षांनी लोकांसमोर जाणारे. सिनेटमध्ये 100 सदस्य, सहा वर्षांसाठी, आणि त्यातले एकतृतीयांश दर दोन वर्षांनी निवडले जाणारे. प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरतात, सिनेटमध्ये मात्र चार कोटींच्या घरातल्या कॅलिफोर्नियाचे दोन आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगचेही दोनच. शिवाय काँग्रेसच्या सदस्याला मंत्री होता येत नाही, घटनेनेच मनाई आहे. हिलरी क्लिंटन 2009 मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांना आधी सिनेटचा राजीनामा द्यावा लागला. आमदार-खासदार असणं ही मंत्रिपदाची पायरी समजणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सर्वांत चमत्कारिक वाटते. माझ्या मते मात्र सगळी व्यवस्था समजायला एवढी एकच तरतूद पुरेशी आहे.

आता पैशाकडे येऊ. घटनेचं पहिलं कलम सांगतं की कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय खजिन्यातून एक पैसाही काढता येणार नाही. कायदा व्हायचा तर प्रतिनिधिगृह हवं, सिनेट हवं आणि राष्ट्राध्यक्षांची सही हवी. राष्ट्राध्यक्षांनी व्हेटो वापरला तर तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं लागतात, आणि ती फार क्वचित जमतात. बँकेतल्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, अमेरिकेच्या तिजोरीला तीन. आणि तिघांतला कुणीही दुसऱ्याला घरी पाठवू शकत नाही. काँग्रेसने खर्च नाकारला म्हणून राष्ट्राध्यक्षांचं पद जात नाही, आणि राष्ट्राध्यक्षांनाही काँग्रेस बरखास्त करून मध्यावधी निवडणूक घेता येत नाही.

महाभियोग आहे ना, असं इथे हमखास विचारलं जातं. आहे, पण तो अविश्वास ठराव नव्हे. तो गुन्ह्यासाठी किंवा गंभीर गैरवर्तनासाठी आहे, धोरण पटलं नाही म्हणून नाही. प्रतिनिधिगृहाने आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर तो चालवला: 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सन, 1998 मध्ये बिल क्लिंटन आणि 2019 व 2021 असा दोनदा डोनाल्ड ट्रम्प. सिनेटमध्ये दोनतृतीयांश मतं एकदाही मिळाली नाहीत. निक्सन 1974 मध्ये त्याआधीच राजीनामा देऊन मोकळे झाले.

त्यात भर सिनेटच्या एका नियमाची. बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायला तिथे 60 मतं लागतात. हा आकडा घटनेत कुठेही नाही, सिनेटने स्वतःच्या कामकाजासाठी केलेला तो नियम आहे. पण त्यामुळे 51 किंवा 53 जागा असलेल्या पक्षालाही खर्चाचं विधेयक एकट्याच्या बळावर पुढे नेता येत नाही. 2025 चा शटडाउन नेमका असाच झाला. राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन, प्रतिनिधिगृहात बहुमत रिपब्लिकनांचं, सिनेटमध्येही त्यांचे 53 जण, तरीही 1 ऑक्टोबरला कार्यालयं बंद झाली. आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरची सवलत वाढवा, ही डेमोक्रॅट्सची मागणी होती. शेवटी डेमोक्रॅटिक गटातले 8 जण पलीकडे गेले, सिनेटमध्ये 60 मतं झाली आणि 12 नोव्हेंबरला, 43 दिवसांनी, कोंडी फुटली.

1 ऑक्टोबर ही तारीख लक्षात ठेवा. तिथलं आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होतं. त्याआधी खर्चाची 12 विधेयकं मंजूर व्हायला हवीत. ती वेळेवर क्वचितच होतात, मग आपल्या लेखानुदानासारखी तात्पुरती मंजुरी दिली जाते. तीही अडली की शटडाउन.

इथवर सगळं पाठ्यपुस्तकात मिळेल. पण ज्या गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, ती आता सांगते. घटना 1789 पासून लागू आहे. सत्ताविभाजन तेव्हापासूनचं, व्हेटो तेव्हापासूनचा, भांडणंही तेव्हापासूनची. तरी पहिली जवळजवळ दोन शतकं शटडाउन नावाचा प्रकार नव्हता. 1970 च्या दशकात अनेकदा मंजुरीला उशीर झाला, पण कार्यालयं चालू राहिली. आज ना उद्या पैसे मंजूर होणारच, असं धरून लोक कामावर येत होते.

हे बदललं 1980 मध्ये, जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना. एकोणिसाव्या शतकातला एक जुना कायदा होता. तेव्हा सरकारी खाती वर्षाचे पैसे काही महिन्यांतच उडवून टाकत आणि काँग्रेसपुढे पुन्हा हात पसरत. ते रोखण्यासाठी, मंजुरी नसताना खात्यांनी कसलीही देणी अंगावर घेऊ नयेत, असा तो कायदा. कार्टर यांचे महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा शब्दशः अर्थ लावला: मंजुरी संपली की काम थांबलंच पाहिजे. पुढच्या वर्षी त्यांनी अपवाद सांगितला, माणसांचा जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाचं काम चालू ठेवता येईल. आज आपण जो शटडाउन पाहतो तो या दोन कायदेशीर मतांतून आला आहे. कोंडी होऊ शकते हे घटनेमुळे, पण कोंडी झाली की कर्मचाऱ्याचा पगार थांबतो ते या अर्थामुळे. म्हणूनच 'अमेरिकेची घटनाच कालबाह्य झाली' असं जेव्हा छातीठोकपणे लिहिलं जातं, तेव्हा मला ते अर्धवट वाटतं.

मग एकदा हत्यार हाती आल्यावर ते वापरलं जाणारच. राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मध्यावर काँग्रेसची जी ठरलेली निवडणूक येते, तीत त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृह गमावलं की धोका वाढतो, हा क्रम पाहण्यासारखा आहे. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने 40 वर्षांनी प्रतिनिधिगृह गमावलं आणि 1995-96 च्या हिवाळ्यात क्लिंटन विरुद्ध प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन अध्यक्ष न्यूट गिंगरिच असे दोन शटडाउन झाले, दुसरा 21 दिवसांचा. 2010 मध्ये ओबामांच्या पक्षाने ते गमावलं, 2013 मध्ये आरोग्यविमा कायद्यावरून 16 दिवस. 2018 मध्ये रिपब्लिकनांनी गमावलं. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांना 5.7 अब्ज डॉलर हवे होते. 22 डिसेंबरला, जुनं प्रतिनिधिगृह अजून बसलेलं असतानाच, सुरू झालेला शटडाउन 35 दिवस चालला.

त्या 35 दिवसांत सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना बिनपगारी कामावर येणं सक्तीचं होतं: विमानतळावर सामान तपासणारे, विमानांची वाहतूक सांभाळणारे, तुरुंगांचे पहारेकरी. 25 जानेवारी 2019 रोजी हवाई नियंत्रक कमी पडले, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर विमानं रोखून धरावी लागली आणि त्याच दिवशी तोडगा निघाला. त्याच शटडाउनच्या काळात कायदा झाला की शटडाउन संपल्यावर कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळेल. पण सरकारी इमारतींत कंत्राटावर झाडू मारणाऱ्या, उपाहारगृह चालवणाऱ्या माणसांना त्या कायद्याचा काही आधार नाही. त्यांचे ते दिवस बुडतात ते बुडतातच. भांडण करणाऱ्या काँग्रेस सदस्यांचा पगार मात्र चालू राहतो. याची मला चीड येते आणि मी ती वर्गातही लपवत नाही. नवी मंजुरी येईपर्यंत आधीच्या वर्षाइतका खर्च आपोआप चालू राहील, असा साधा कायदा करता येईल. अशी विधेयकं तिथे अनेकदा मांडली गेली आहेत. ती पुढे सरकत नाहीत, कारण हे हत्यार खाली ठेवायची दोन्ही पक्षांची तयारी नाही.

तरी सगळा देश ठप्प होत नाही, आणि याचं कारण संघराज्य. शाळा, पोलीस, वाहन परवाने हे बहुतांशी राज्यांचं आणि स्थानिक संस्थांचं काम, त्यावर वॉशिंग्टनमधल्या भांडणाचा लगेच परिणाम होत नाही. 2013 मध्ये तर न्यूयॉर्क राज्याने स्वतःच्या तिजोरीतून पैसे भरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पर्यटकांसाठी उघडला, ॲरिझोनाने ग्रँड कॅन्यन उघडलं. निवृत्तिवेतनाचे पैसे वेगळ्या, कायमस्वरूपी कायद्याने मिळतात, तेही चालू राहतात. टपाल खातं स्वतःच्या उत्पन्नावर चालतं, त्यामुळे पत्रंही येतात.

आपण हा मार्ग का घेतला नाही, याचं उत्तर बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना दिलं होतं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस अमेरिकेची व्यवस्था जवळून जाणत होता. त्यांचा मुद्दा असा की कार्यकारी सत्ता स्थिरही हवी आणि जबाबदारही हवी, पण दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. संसदेत प्रश्न, ठराव, चर्चा यांतून सरकारचा रोज हिशेब घेतला जातो, आणि भारताला त्याची गरज अधिक आहे, म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो, मात्र त्याची किंमत आपणही मोजतो. स्वतःच्या पक्षाच्या अर्थसंकल्पाला भर सभागृहात नाही म्हणणारा खासदार आपल्याकडे दिसत नाही. अमेरिकेत तो अजूनही अधूनमधून दिसतो, कारण त्याच्या मतावर सरकार टिकणं अवलंबून नसतं. शटडाउनची बातमी वाचताना ही बाजूही विचारात घ्या.

मुलीच्या व्हिसाबद्दल. मुंबईच्या वकिलातीतलं व्हिसाचं काम मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालतं, त्यामुळे आतापर्यंतच्या शटडाउनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखती साधारणपणे चालू राहिल्या आहेत. अडचण येते ती नोकरीच्या एच-1बी व्हिसाला. त्यासाठी आधी कामगार खात्याची मंजुरी लागते आणि ते खातं काँग्रेसने दिलेल्या पैशावर चालतं. 2013 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 2025 मध्ये हे काम थांबलं होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी न्यू जर्सीत असते, तिची नवी नोकरी ठरलेली असूनही त्या महिन्यात अर्ज पुढे सरकला नाही. 2018-19 मध्ये मात्र कामगार खात्याचा खर्च आधीच मंजूर झालेला होता, म्हणून 35 दिवसांत तिथे काहीच अडलं नाही. तेव्हा पुढे कधी शटडाउनची बातमी आली, तर 12 पैकी कोणती विधेयकं मंजूर झाली आहेत ते आधी बघा. तुमच्या मुलीचा एच-1बीशी संबंध शिक्षण संपल्यावरच येईल. सध्या तिचा पासपोर्ट, विद्यापीठाचं आय-20 (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि शुल्काच्या पावत्या वेळेत तयार ठेवा आणि मुलाखतीची तारीख मिळेल तितकी लवकरची घ्या.