वाचक विचारतात: चांदीच्या नाण्यावरची रेघ, पुसट अक्षर आणि सपाट नाक

प्रश्न: आम्ही मिसिसागाला असतो. जमेल तशी एक औंसवाली चांदीची मेपल लीफ (कॅनडाच्या टाकसाळीचं नाणं) घेऊन ठेवतो. यावेळी २५ ची नवीकोरी ट्यूब उघडली तर एका नाण्यावर राजाच्या मानेजवळ केसासारखी रेघ, दुसऱ्यावर कडेची दोनेक अक्षरं पुसट, काहींना काठावर बारीक ठेच लागलेली. डीलरला परत करू का? विकताना भाव कमी येईल का? बायको म्हणते वितळवली की सगळी सारखीच.

उत्तर: वहिनींचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, पण तरी भिंग घेऊन बसा कारण यात मजा आहे. पाचपट मोठं दिसेल एवढं भिंग पुरे, त्याहून मोठं घेतलंत तर जगातलं प्रत्येक नाणं खराब दिसायला लागेल. नाणं दिव्याखाली तिरकं धरा, हळूहळू फिरवा आणि एवढंच बघा की ती रेघ पृष्ठभागाच्या वर उचललेली आहे की आत खणलेली. वर असेल तर ती टाकसाळीतच आली. म्हणजे पोलादी डायला (ज्या ठशाने नाण्यावर छाप उठवतात त्याला) तडा गेला किंवा चरा पडला, दाबाखाली चांदी त्या फटीत शिरली आणि नाण्यावर उंच रेघ उठली. आत खणलेली असेल तर बहुतेक वेळा ती नंतरचीच, नाणी एकमेकांवर आपटली, कुठेतरी घासली, शुद्ध चांदी मऊ असते त्यामुळे एवढ्या-तेवढ्याने वण उमटतो. काठावरची ठेच यातच धरा.

अजून एक गंमत सांगतो, ही फार कमी लोक बघतात. पुष्कळ बारीक समांतर रेघा मोकळ्या जागेत दिसत असतील आणि चित्रापाशी येऊन थांबत असतील तर ती डाय पॉलिश केल्याची खूण. नाण्यावरचं चित्र डायमध्ये खोल कोरलेलं असतं, पॉलिश करताना हात फक्त वरच्या सपाट भागावर फिरतो, खोलात पोचतच नाही. तेच रेघ मोकळ्या जागेतून थेट राजाच्या गालावर चढून गेली असेल तर कोणीतरी नाणं पुसलंय असा संशय घ्या. मेपल लीफवर किरणांसारख्या ज्या रेषा आहेत त्या मात्र डिझाइनचाच भाग आहेत, त्यांना ओरखडे समजून भांडायला जाऊ नका!

पुसट अक्षरांचं कारण बहुतेक ग्रीस. मोदकाच्या साच्यात आधीच्या मोदकाचं पीठ अडकून राहिलं की पुढच्या मोदकाची कळी उठत नाही ना, तसंच डायच्या खोबणीत ग्रीस आणि चांदीचा चुरा बसला की अक्षर अर्धवट उठतं. चांदी कुठे गेलेली नसते, वजन करून बघा, ३१.१ ग्रॅम भरायला हवं. वजन किंवा व्यास (मेपल लीफचा ३८ मिमी) जुळला नाही तर मात्र तो छापातला दोष नाही, तिथे वेगळी शंका घ्यायची आणि लगेच डीलरला गाठायचं.

आता परत करण्याचं. मेपल लीफसारखं बुलियन नाणं, म्हणजे धातूच्या किमतीसाठी घेतलेलं नाणं, चांदीच्या भावाने विकलं जातं, निर्दोष दिसेल असं वचन त्यात नसतं, त्यामुळे रेघ आणि ठेचेसाठी डीलरशी वाद घालणं मला तरी फुकटचं वाटतं. विकतानाही तो आधी वजन आणि खरेपणाच बघणार. प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत छापलेलं, असतं तर मी उलट सांगितलं असतं, तिथे पैसे फिनिशचेच घेतात, मग दोष का चालवून घ्यायचा.

जाता जाता: पुढे कधी दुधासारखे पांढरे डाग आले तर दचकू नका. हा छापाचा दोष नाही, कोऱ्या चकतीवर राहून गेलेल्या रसायनांमुळे ते येतात असं सहसा मानतात आणि कधीकधी महिन्यांनी उगवतात. कॅनडाच्या टाकसाळीने २०१८ पासून यावर मिंटशील्ड नावाचा उपाय आणला, तुमच्याकडे त्याआधीची असतील तर त्यांच्यावर डाग दिसण्याची शक्यता जास्त. रांगोळी, टूथपेस्ट काहीही लावू नका, डाग परवडला पण घासलेलं नाणं नको.

प्रश्न: माझ्या सिल्व्हर ईगलवर (अमेरिकेचं चांदीचं नाणं) डायच्या तड्याची उंच रेघ आहे. ग्रेडिंगला (नाण्याची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीकडे) पाठवलं तर एरर, म्हणजे टाकसाळीची चूक, म्हणून जास्त किंमत येईल? (न्यू जर्सी)

उत्तर: बारीक तड्याला? नाही हो. काठापासून मोठा तुकडाच निघालेल्या डायचं नाणं असतं, नाहीतर छाप चांगलाच सरकलेला असता, तर संग्राहक धावले असते. ग्रेडिंग १ ते ७० च्या मापात होतं आणि नव्या ईगलना ६९ इतक्या सहज मिळतात की फी, येण्याजाण्याचं पोस्ट आणि विमा धरून तुम्हीच खिशातून घालाल. ट्यूबमध्ये ठेवा, छान आहे.

प्रश्न: धनत्रयोदशीला सराफाकडून १० ग्रॅमचं लक्ष्मीचं नाणं घेतलं, लक्ष्मीचं नाक-तोंड सपाट आहे. नकली असेल का? (नाशिक)

उत्तर: तेवढ्यावरून नकली म्हणता येत नाही. चकती पातळ, दोन्ही बाजूंना मधोमध उठावाचं चित्र, मग दोन्हीकडे भरायला धातू पुरत नाही आणि सगळ्यात उंच भाग, म्हणजे नेमकं नाकच, अर्धवट राहतं. दाब कमी पडला तरी तेच होतं. सपाट भागावर चकतीचा मूळचा खरखरीतपणा दिसत असेल तर ती छापाची कमजोरी. पण सगळीकडे बारीक खड्डे आणि अक्षरांच्या कडा गोलसर असतील तर ओतीव काम असू शकतं, मग सराफाला मशीनवर शुद्धता दाखवायला सांगा, ९९९ चा शिक्का आणि बिलावरचं वजनही ताडून घ्या. नुसतं चेहऱ्यासाठी बदलून हवं असेल तर पुढच्या वेळी दुकानातच, पाकीट फोडायच्या आधी, दुसरं दाखवा म्हणायचं, त्यात लाजायचं काय.