लेहला पहिले विमान उतरवणारे मेहर सिंग

प्रश्न : लेहला पहिले विमान १९४८ साली एअर कमोडोर मेहर सिंग यांनी उतरवले, असे तिथल्या सहलीत ऐकले. हे अधिकारी कोण आणि त्यांना महावीर चक्र नेमके कशासाठी मिळाले?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हा सन्मान त्यांना १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीसाठी मिळाला, आणि त्यात लेहपेक्षाही पूंछचा वाटा काकणभर अधिक आहे, असे मला वाटते. वेढा पडलेल्या पूंछमध्ये सैन्याबरोबर हजारो निर्वासित अडकले होते आणि रसद पोहोचवायला हवाई मार्गाखेरीज उपाय उरला नव्हता. निर्वासितांच्याच श्रमांतून तयार झालेल्या, तीन बाजूंनी ओढ्यांनी वेढलेल्या आखूड धावपट्टीवर मेहर सिंगांनी डाकोटा हे मालवाहू विमान उतरवले, तेव्हा एरवीच्या एका टनाऐवजी त्यात तीन टन माल होता. पुढे धावपट्टीवरच तोफगोळे पडू लागले, तेव्हा आपल्या सैन्यासाठी तोफा घेऊन ते रात्री, केवळ तेलाच्या दिव्यांच्या आधाराने तिथे उतरले.

१९१५ साली लायलपूरला जन्मलेल्या मेहर सिंगांचे वैमानिकी शिक्षण इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला झाले. वायव्य सरहद्दीवर उमेदवारी करून दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन विमानांच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. त्याबद्दल मिळालेला 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' हा ब्रिटिश लष्करी किताब भारतीय हवाई दलात दुसऱ्या कोणालाही लाभलेला नाही. १९४८ मध्येच त्यांनी सेवा सोडली आणि १९५२ साली जम्मूहून दिल्लीला येताना वादळात विमान कोसळून, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता लेहविषयी. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिकांना हाताशी धरून साडेदहा हजार फुटांवर कच्ची धावपट्टी तयार केली होती. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने विमान अधिक वेगाने जमिनीला टेकते, थांबायला जास्त अंतर घेते आणि पुन्हा उडताना इंजिनाची ताकदही कमी पडते. शिवाय वाटेत झोजी ला आणि फोटू ला या उंच खिंडी ओलांडायच्या. अशा अनोळखी मार्गाने मे महिन्यात मेहर सिंग काश्मीरमधील सैन्याचे एक सेनापती मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन गेले. तिथल्या हवाई कारवाया पाहणाऱ्या गटाचे प्रमुख असल्याने त्यांना दुसऱ्या कोणाला पाठवता आले असते, पण त्यांनी पहिली फेरी स्वतःकडे ठेवली. काही दिवसांतच डाकोटांमधून गुरखा सैनिक लेहला पोहोचले आणि पाकिस्तानी हल्लेखोरांपासून शहर वाचले.