ऑनलाइन घेतलेले कारचे टायर कोल्हापुरात कुठं बसवून घ्यावेत? बॅलन्सिंग पण करायचंय.

भावा, दुकानाच्या बोर्डापेक्षा मशीन आणि काम करणारं पोरगं बघ. उद्यमनगर, शाहूपुरी, शिरोलीकडं हायवेला, कुठंही जा, पण आधी फोन करून विचार की बाहेरून आणलेले टायर बसवता का, आणि फिटिंग, बॅलन्सिंग (चाक न थरथरता सारखं फिरावं म्हणून), नवीन व्हॉल्व्ह, त्यासाठी रिमला लावायची छोटी वजनं सगळं धरून एका चाकाचं किती, कारण काहीजण वजनाचे ग्रॅमवर वेगळे लावतात आणि मग बिल बघून डोकं फिरतंय.

मी एकदा घाईत एका ठिकाणी (नाव नको) गाडी टाकली, किणी टोलनाका येईस्तोवर नव्वदच्या पुढं स्टेअरिंग थरथरायला लागलं. दुसरीकडं चाकं खोलली तर रिमच्या आत वाळलेला चिखल आणि जुनी वजनं तशीच चिकटलेली! म्हणून समोर उभा राहा. रिम ब्रशनं साफ करून जुनी वजनं काढायची, नवी लावल्यावर चाक परत फिरवून स्क्रीनवर दोन्हीकडं शून्य दाखवायला लावायचं. अलॉय असेल तर आतनं चिकटवायची वजनं, ठोकायची नकोत, कड खराब होते.

नट शेवटी टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) आवळणारा भेटला तर तिथंच जा बघ, नुसती गन मारून सोडणारे लय आहेत.

आणि टायर चढवायच्या आधी टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट (DOT) कोडचा शेवटचा चार आकडी नंबर वाच, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते बहुतेक अलाइनमेंटचं (चाकांचा कोन सरळ करायचं) काम, बॅलन्सिंगनं जाणार नाही.