फ्रेंच वाचणाऱ्या नजरेचा अभ्यास: यात पुढे काय?

प्रश्न: मुलगी पुण्यात फ्रेंच घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आता म्हणते, ‘फ्रेंच वाचताना डोळे कसे हलतात, याचं मॉडेल बनवायचंय. त्यासाठी फ्रान्सला जाते.’ कर्ज काढावं लागेल. यात काही भवितव्य आहे का?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, हे खूळ नाही. वाचताना नजर ओळीवरून सलग सरकत नाही, उड्या मारते, हे पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांनी 1879 च्या सुमारासच मांडलं होतं. नजर एका जागी साधारण पाव सेकंद टेकते, मग सात-आठ अक्षरं पुढे जाते. छोटे शब्द अनेकदा गाळते, मध्येच मागेही फिरते. ती कुठे, किती वेळ टेकेल याचा अंदाज बांधणारा प्रोग्राम म्हणजे मॉडेल. ‘ई-झी रीडर’ नावाचं मॉडेल इंग्रजी वाचकांवर उभं राहिलं, ‘स्विफ्ट’ जर्मन वाचकांवर. फ्रेंचचे पेच निराळे. ‘तो खातो’ आणि ‘ते खातात’ यांतलं क्रियापद कानाला एकच, पण अनेकवचनात शेवटी न उच्चारली जाणारी दोन अक्षरं वाढतात. कान जे ऐकत नाही, ते डोळ्याला पाहावं लागतं. मला स्वतःला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

मात्र या कामाचा कणा संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग आहे. उत्तम फ्रेंच ही जमेची बाजू, पण तेवढ्यावर प्रवेश मिळेल असं धरू नका. कर्जाआधी तिला सहा महिने द्या. ‘आर’ किंवा पायथॉन यांपैकी एक प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू दे. ‘लेक्सिक’ हा फ्रेंच शब्दांचा साठा मोफत मिळतो. कोणता शब्द किती वेळा येतो, किती लांब आहे, ते त्यात आहे. त्यावर तिने स्वतः काहीतरी करून पाहावं. त्यात ती रमली, तर पुढचं बोलू.

फ्रान्समध्ये मार्सेय आणि पॅरिसला या विषयाची जुनी परंपरा आहे. पण आधी इथलीही दारं बघा: आयआयटी गांधीनगर आणि अलाहाबाद विद्यापीठात कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन आणि मेंदू कसं काम करतात याचं शास्त्र, शिकवतात, आणि आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने वाचकाच्या नजरेवरून भाषेचा अभ्यास केला आहे. नोकरीचं म्हणाल, तर संशोधनासाठी पीएच.डी. लागेलच. ती नको असेल तर भाषा-तंत्रज्ञान आणि यूजर रिसर्चमध्ये (लोक अ‍ॅप किंवा वेबसाइट कशी वापरतात याच्या अभ्यासात) हीच कौशल्यं चालतात.

बारावीला तिचं गणित होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर सहा महिन्यांऐवजी वर्ष धरा.