गच्चीवर भाजीसाठी विटांचा वाफा बांधावा की पिशव्या ठेवाव्यात? (ऐरोली, रो-हाऊस, जुना स्लॅब)

तुमची गच्ची 400 चौरस फुटांची. कठड्याला लागून तीन बाजूंनी दोन फूट रुंद, दीड फूट उंच वाफा बांधून लाल माती भरायची, असा तुमचा बेत. बायको पिशव्यांवर अडून बसली आहे. आणि खर्च किती येईल, असं विचारलंय. बायकोचं बरोबर आहे. नेरुळला आमच्या घरी हाच वाद झाला, फक्त तोवर नवऱ्याने वाफा बांधून टाकला होता.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस फूट जागेवर एक फूट ओली माती म्हणजे साधारण 50 किलो. दीड फुटाला 75. जाण्यायेण्याच्या गच्चीवर आयएस 875, म्हणजे इमारतीवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे धरतात तो भार चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम 14 किलो. "कडेला खाली भिंत आहे, बीम आहे" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. भिंत नऊ इंच, वाफा दोन फूट. उरलेले सव्वा फूट कोणाच्या डोक्यावर?

पण घर बिघडवतं ते पाणी. कोब्याचा, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराचा, उतार पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या कोपऱ्यातल्या पाइपकडे असतो आणि वाफा नेमका त्या वाटेत आडवा येतो. आमच्या वाफ्याला तळाशी एक इंची पाइपाचे तुकडे ठेवले होते. लाल मातीचा गाळ बसून ते पहिल्याच पावसाळ्यात बुजले. शंभर मिलिमीटर पाऊस आपल्याकडे फार नवलाचा नाही; एवढ्या पावसात 400 चौरस फुटांवर 3,700 लिटर पाणी पडतं. ते वाफ्यामागे तुंबलं, कठड्याचं प्लास्टर आतून भिजत राहिलं आणि गणपतीत हॉलच्या कोपऱ्यात पोपडे सुटले.

गळती दिसली की लोक थेट रंगासारखं कोटिंग मारून मोकळे होतात. आमच्या कंत्राटदारानेही तेच सुचवलं आणि नवऱ्याला पटलं. दीड दिवसात काम झालं, पुढच्या जुलैत पुन्हा गळलं. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. पावसाळा नसताना पाइपाच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून दोन इंच पाणी 48 तास भरून ठेवा. तेव्हा गळलं तर दोष तळात. तेव्हा कोरडं राहून वाऱ्याच्या पावसातच गळत असेल तर कठड्याच्या किंवा बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा बघा. मार्चमध्येही ओल हटत नसेल तर टाकीचा ओव्हरफ्लो किंवा नळाची लाइन. आणि बोळा काढून पाणी सोडताना त्या कोपऱ्याखाली टपटप वाढली, तर पाइप.

आमच्याकडे दोष पाइपाचाच निघाला. पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. स्लॅबमधून पाइप जातो तिथे केसाएवढी फट राहते. वरून कितीही कोटिंग मारा, उन्हात पाइप फुगतो-आकसतो आणि तिथेच ते फाटतं. म्हणून पाइपाभोवती दोन इंच रुंद, दोन इंच खोल खोबण छिन्नीने काढली. जुना 75 मिलिमीटरचा पाइप काढून 110 चा घेतला. स्लॅबमध्ये बसणारा भाग खरखरीत पॉलिश पेपरने घासला, त्यावर पीव्हीसीचं सोल्युशन फासलं आणि ओलं असतानाच कोरड्या रेतीत लोळवला. रात्रभर ठेवल्यावर त्याला सँडपेपरसारखी पकड येते. मग खालून प्लायचा तुकडा लावून खोबणीत नॉन-श्रिंक ग्राउट, म्हणजे न आकसणारा सिमेंटचा माल. साधा सिमेंट-वाळूचा माल भरू नका, तो सुकताना आकसतो आणि फट परत मिळते.

कठड्यालगतचा दोन फुटांचा कोबा उघडला, बाकीचा हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिला. ढब-ढब वाजेल तो भाग पोकळ, तो काढायचाच. उघडलेला पट्टा आठवडाभर उन्हात सुकू द्या. ओल कोंडून कोटिंग केलंत तर मे महिन्यात फोड येतात. तळ आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे मालाची गोलाई, मारून घ्या, काटकोन ठेवू नका. पावडर आणि लिक्विड असे दोन डबे येतात ते कोटिंग घ्या. सुकलेली जागा लावतेवेळी वरून फक्त ओलसर करा, पाणी साचलेलं नको. पहिला हात उभा, चार-सहा तासांनी दुसरा आडवा, कठड्यावर फूटभर वर. पाइपाभोवती दोन हातांच्या मधे फायबरची जाळी, पाइपाच्या तोंडात वळवून. काम सकाळी सातच्या आत सुरू करा, दुपारच्या उन्हात ते तडकतं. चार दिवसांनी पुन्हा 48 तास पाणी भरा आणि खाली थेंब नाही याची खात्री झाल्यावरच वर इंचभर माल घाला. सिमेंट-वाळूचं प्रमाण 1:4, सिमेंटच्या पोत्यामागे वॉटरप्रूफिंगचं लिक्विड 200 मिली, आणि सात दिवस पाणी साचवून ठेवा. पाइपाभोवती दीड फुटाचा चौकोन अर्धा इंच खोलगट हवा. गवंडी तेवढंच विसरतो.

आता पिशव्या. 15 बाय 15 इंचाच्या पिशवीत साधारण 43 लिटर माल बसतो. निव्वळ लाल माती भरली तर ओली पिशवी 75 किलोच्या आसपास, आणि पावसाने ती विटेसारखी आवळते. चार भाग कोकोपीट, तीन भाग शेणखत, तीन भाग लाल माती घेतलीत तर 40-45 किलोत भागतं. कोकोपीटचा पाच किलोचा ठोकळा भिजून 65-70 लिटर होतो. आधी दोनदा धुवा, त्यात मीठ असतं. पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड. वांगी, टोमॅटो, भेंडीला हीच पिशवी. मेथीला सहा इंच खोली पुरते. पिशव्या कडेने, उभ्या विटांवर जमिनीपासून चार इंच उचलून ठेवा, कठड्यापासून हातभर सोडून. खाडीच्या हवेत लोखंडी स्टँड गंजतो आणि त्याचे डाग निघत नाहीत.

खर्चाचा आकडा मी देत नाही, वस्तीगणिक दर बदलतो. कोबा फोडणं, राबिट (फोडलेला मलबा) खाली उतरवून टाकणं आणि कोटिंग, यांचे भाव वेगवेगळे लिहून घ्या. एकच चौरस फुटाचा भाव सांगतो तो राबिटाचे पैसे नंतर मागतो. मुंबईला मान्सूनची सरासरी तारीख 11 जून, त्यामुळे 15 मेच्या आत पाण्याची चाचणी उरकायला हवी.

स्लॅबच्या खालून सळ्या दिसत असतील, तर यातलं काहीच करू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कठड्यात पिंपळ उगवला असेल तर नुसता छाटू नका, प्लास्टर उघडून मूळ काढा. आणि अळू पिशवीत माझ्याकडून कधी नीट झालं नाही. ते खाली नळाजवळ जमिनीत लावलंय, नवऱ्याने, विटांचा वाफा करून.